केस पेपरचं पहिलं पान

१

शिवदासने माझ्या टेबलावर सहा झेरॉक्स ठेवल्या. त्यातली पहिली खोटी होती. वाचायच्या आधीच मला ते कळलं.

मुंबईत दिवाणी कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये मी एकतीस वर्षं काढली. कागद वाचायचं काम दुसऱ्यांचं, माझं काम तो सांभाळायचं. त्यामुळे कागद हातात आला की मी आधी कोपरे बघतो, भोकं बघतो, घड्या बघतो. यातल्या पाच पानांवर वर मधोमध एक काळा पट्टा उठला होता. तो चिमट्याचा गंज. दवाखान्यात पेशंटच्या पलंगाला पत्र्याचं पॅड लटकवतात, त्याच्या चिमट्याचा. एक पान भरलं की नवं वर चढतं, त्यामुळे प्रत्येक पान एकदा तरी थेट चिमट्याखाली येतं. आमच्या भाईंदरच्या हवेत मीठ आहे, लोखंडाला एक रात्र पुरते. पहिल्या पानावर मात्र काहीच नव्हतं. ते पान कधी पॅडवर गेलंच नव्हतं.

मग मी वाचलं. "रात्री ८.३० वाजता दाखल. घरी सुईणीकडून बाळंतपणाचा प्रयत्न केल्यानंतर उशिरा आणले."

"आमच्या मुर्धा गावातली सुईण मरून दहा वर्षं झाली, काका," शिवदास म्हणाला. "मेलेली बाई येऊन बाळंतपण करून गेली काय?"

शिवदास अठ्ठावीस वर्षांचा. त्याच्या आजोबांचं मिठागर होतं, तो स्वतः पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला होता. नखांत काळं बसलेलं. त्याला माझा पत्ता कुणीतरी सांगितला होता, की तावडेकाका अर्ज लिहून देतात.

हकीकत अशी. रविवार, सहा फेब्रुवारी १९९४. दुपारी दोनला त्याने बायकोला, शैलाला, डॉ. सबनीसांच्या मॅटर्निटी होममध्ये नेलं. डॉक्टर नव्हते. सिस्टर म्हणाली, येतील. डॉक्टर आले रात्री नऊच्या सुमारास. मुलगी झाली, ती रडली नाही. चार दिवस काचेच्या पेटीत होती. आता तिला दोन वर्षं पुरी होत आली होती आणि अजून मान नीट धरत नव्हती. बसत नव्हती. मुंबईच्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की जन्माच्या वेळी बाळाला प्राणवायू कमी पडला. कळा लांबल्या आणि कोणी वेळेत निर्णय घेतला नाही, तर असं होतं.

"नाव काय ठेवलंत?"

"कृतिका."

चहा मीच केला. माझी बायको मनोरमा ऑक्टोबरमध्ये गेली. ती असती तर त्याला आल्या आल्या पाणी मिळालं असतं. माझ्या लक्षात यायला अर्धा तास लागला.

"पोलिसात जाऊ का?" त्याने विचारलं.

"जाता येईल. हलगर्जीपणाचा गुन्हा लागतो. पण तिथे डॉक्टरला शिक्षा होईल की नाही एवढंच ठरतं. मुलीच्या उपचारांचं काय, ते तिथे कोणी विचारत नाही."

"मग कोर्ट?"

"दिवाणी दावा. स्टॅम्प लागतो, वकील लागतो. दहा-बारा वर्षं धर. मी ते कागद उचलून ठेवायचो, मला ठाऊक आहे. तिसरं, डॉक्टरांच्या कौन्सिलकडे तक्रार. ते डॉक्टरला ताकीद देतील, फार तर नोंदणी काढतील. भरपाई देत नाहीत."

"म्हणजे काहीच नाही."

"चौथं आहे. ग्राहक मंच, ठाण्याला. दोन महिन्यांपूर्वी सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की फी घेऊन उपचार करणारा डॉक्टर ग्राहक कायद्याखाली येतो. फी भरल्याची पावती आहे ना?"

"हाय." घाईत त्याचा गावचा शब्द आला.

"तिथे कोर्ट फी नाही. वकील नसला तरी चालतं. पण घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं."

त्याने बोटांवर मोजलं. त्या दिवशी सोळा जानेवारी होती. वीस दिवस.

"आणि हे पान असंच राहिलं तर मंच हेच खरं मानणार," मी म्हणालो. "दुपारी दोनला आलात हे दाखवणारं खरं पान हवं."

तो गेल्यावर कागद बांधायला दोरा हवा होता म्हणून मनोरमाची पत्र्याची पेटी उघडली. सुया, बटणं, लोकरीचे गुंडे. तळाशी एक घडी केलेला कागद मिळाला. पिवळा पडलेला, हळदीकुंकवाचे डाग असलेला. उलगडून पाहिला. दोन्ही बाजूंना काही लिहिलेलं नव्हतं. कोरा कागद हिने इतका जपून का ठेवला असेल, हे विचारायला ती नव्हती. परत होता तसा ठेवला आणि दोरा घेतला.

२

सबनीस मॅटर्निटी होम पश्चिमेला, स्टेशनपासून दहा मिनिटांवर. काउंटरवर जितेंद्र नावाचा माणूस बसतो. तोच कंपाउंडर, तोच पावत्या फाडतो. मी शिवदासच्या सहीचा अर्ज पुढे केला. त्यात एवढंच लिहिलं होतं की झेरॉक्स मिळाल्या, आता मूळ कागद एकदा डोळ्यांनी बघू द्यावेत.

"तुम्ही विमावाले का?" जितेंद्रने विचारलं.

"नाही. रिटायर्ड."

"मग टाइमपास करताय."

"तसंच समज."

झेरॉक्स दिलेलीच होती, तेव्हा मूळ दाखवायला नाही कसं म्हणणार. त्याने कपाटातून फाइल काढून दिली आणि समोरच उभा राहिला. पाच मिनिटांत मला तीन गोष्टी दिसल्या.

पहिली. प्रत्येक पानावर वर मॅटर्निटी होमचं छापील नाव होतं. फक्त पहिल्या पानावर नावाखाली एक ओळ जास्त होती, 'सोनोग्राफीची सोय उपलब्ध'. जितेंद्रच्या डोक्यामागे भिंतीवर संगमरवरी पाटी होती. तिच्यावर कोरलं होतं, सोनोग्राफी विभाग, उद्घाटन विजयादशमी १९९४. मूल फेब्रुवारीत झालं. दसरा ऑक्टोबरात.

दुसरी. पहिल्या पानावरचं अक्षर दारावरच्या 'चपला बाहेर काढा' या पुठ्ठ्यावरच्या अक्षरासारखं होतं. 'च'चं पोट तसंच फुगलेलं. तो पुठ्ठा कोणी लिहिला, मी विचारलं.

"मीच. का? छान आहे ना?"

"छान आहे," मी म्हणालो.

तिसरी गोष्ट कळायला मला दुसरं पान उलटावं लागलं. पॅड पत्र्याचं असतं, त्यामुळे सगळ्यात खालच्या पानाची पाठ पत्र्याला टेकते आणि तिला गंज लागतो. सगळ्यात खाली असतं पहिलं पान, कारण ते आधी लिहितात आणि पुढची त्याच्यावर चढतात. म्हणजे पाठीला गंज फक्त पहिल्या पानाला असायला हवा. इथे तो दुसऱ्या पानाच्या पाठीला होता.

म्हणजे काही दिवस दुसरं पान सगळ्यात खाली होतं. म्हणजे खरं पहिलं पान कपाटातून गेलं नव्हतं. शैला पलंगावर असताना, पॅड पलंगाला लटकलेलं असतानाच कोणीतरी ते काढलं होतं.

तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि डॉ. योगेंद्र सबनीस बाहेर आले. पंचेचाळिशीचे, झोप न झालेले. मला वाटलं होतं ओरडतील. त्यांनी खुर्ची दिली.

"तावडेसाहेब, तुम्ही वयाने मोठे आहात, म्हणून विचारतो. ह्या लोकांना नक्की काय हवंय? ते पान त्यांच्याकडेच असेल तर तसं सांगा म्हणावं."

"कुठलं पान, डॉक्टर?"

त्यांनी जितेंद्रकडे पाहिलं.

"पहिलं पान तर या फाइलीतच आहे," मी म्हणालो. "हे काय, माझ्या हातात."

जितेंद्रने फाइल माझ्या हातातून घेतली. हळूच घेतली, हिसकावली नाही. डॉक्टर पाटीकडे बघत राहिले.

मी चपला घातल्या आणि बाहेर पडलो. खरं पान डॉक्टरांनी फाडलं असेल असंच मी धरून चाललो होतो. पण फाडलेल्या पानाची कोणी चौकशी करत नाही. डॉक्टरही तेच शोधत होते.

३

त्या दिवशी ड्यूटीवर असलेली सिस्टर रसिका आता पूर्वेला एका डॉक्टरकडे इंजेक्शनं द्यायला होती. दुपारी घरी भेटली. दार अर्धंच उघडलं.

"त्या केसबद्दल असेल तर मला काही बोलायचं नाही."

"पाणी तरी द्या," मी म्हणालो. "तीन जिने चढलोय."

पाणी दिल्यावर माणसाला उभं ठेवता येत नाही. मी बसलो.

"डॉक्टरांना वाटतं ते पान तुमच्याकडे आहे," मी म्हणालो.

ती हसली. "आणि मला वाटतं त्यांनी जाळलं. गेल्या जूनमध्ये शिवदासच्या वकिलाची नोटीस आली, तेव्हा मला केबिनमध्ये बोलावलं. पान कुठाय. मी म्हटलं, सर, नाटक कशाला करता. दुसऱ्या दिवशी नोकरी सोडली. सोडली म्हणजे सुटली."

"आधी वकील होता त्यांना?"

"होता. एक नोटीस पाठवली आणि मग फिरकला नाही."

"पानावर काय होतं?"

तिने उत्तर द्यायला वेळ घेतला नाही. दोन वर्षं ती ते स्वतःशीच म्हणत असावी.

"दुपारी दोन दहाला दाखल. दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके लिहिले होते मी. साडेचारला ठोके कमी वाटले, डॉक्टरांना फोन केला. ते वसईला लग्नात होते. निघतो म्हणाले. पावणेसहाला पुन्हा फोन. सात दहाला पुन्हा. तेव्हा मी विचारलं, दुसरीकडे पाठवू का? म्हणाले, कुठे पाठवू नकोस, मी येतोच आहे. ते शब्द मी तसेच लिहिले. मला शिकवलं होतं तसं, फोनवरचा आदेश शब्दशः लिहायचा."

"हे मंचासमोर सांगाल?"

"सांगेन हो. पण काय होईल? म्हणतील, नोकरी गेली म्हणून खार खाऊन बोलते. तुम्ही कागद आणा. अक्षर माझंच आहे अशी सही मी शंभर ठिकाणी करीन."

"शेवटचं कधी पाहिलंत ते?"

"नवव्या दिवशी डिस्चार्ज कार्ड करताना बघायला गेले तर नव्हतं. मला वाटलं, घेतलं सरांनी काढून. डिलिव्हरीची वेळ मी आठवून लिहिली."

"आणि तुम्ही स्वतः पान पाहिलंत असा शेवटचा दिवस?"

"चौथा. पाचव्या दिवशी बाळ पेटीतून आईजवळ दिलं, पण तेव्हा माझी सुट्टी होती. सहाव्या दिवसापासून खालची पानं काढून बघायचं कारणच पडलं नाही." तिने माझा रिकामा पेला उचलला. "पाचव्या दिवशी वॉर्डमध्ये हंसाबाई होती. आमची आया. राई गावची."

४

हंसाबाई अंगणात सुकट निवडत बसली होती. साठीची, कानात जड बुगड्या. मी कोण, कशाला आलो, सगळं सांगून झाल्यावर तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"म्हंजे मी कागद चोरला."

"मी तसं म्हणालो नाही."

"म्हनायला कशाला लागतं. गरिबाच्या घरी चप्पल घालून येतात ना, तवाच कलतं."

मी उठून चपला बाहेर काढल्या. ती हसली नाही, पण सुपातली सुकट जरा बाजूला सरकवून तिने मला बसायला जागा केली.

"मला वाचता येत न्हाय," ती म्हणाली. "कागद घेऊन काय करू, खाऊ? बावीस वर्सं दवाखान्यात कारली. एक कापसाचा बोला घरी आनला न्हाय."

"पाचव्या दिवशी तुम्हीच होतात ना वॉर्डात?"

"होती. पोर आईजवल दिली त्या दिवशी. धाकूबाय, पोरीची आजी, ती रडाय लागली. बोलली, हंसा, आज पाचवी. पोर जगेल का मरेल कोन जाने, सटवाईला तरी पूजूया. डॉक्टर वॉर्डात असलं करू देत न्हाय. मी बोलली, डॉक्टर आपरेशनला गेलाय, उरकून घे. दिवा लावला न्हाय, पेटीचा वायू असतो ना आजूबाजूला, मला अक्कल हाय तेवडी. बाकी सगलं केलं."

"बाकी म्हणजे काय काय?" हे मी सहज विचारलं. तिचा राग उतरत होता, तिने बोलत राहावं एवढ्यासाठी.

"सुपारी, हलद, कुंकू, तांदूल. कोरा कागद आन् पेन."

"कागद कशाला?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी कुठल्या गावचा.

"तुमच्यात करत न्हाईत? सटवाई येते रातीला, पोराचं नशीब लिवते. तिला लिवायला कागद नको? मग तो घडी करून ठेवायचा. कोनी उघडायचा न्हाय."

मनोरमाच्या पेटीतला पिवळा कागद माझ्या डोळ्यांसमोर होता. एकोणीसशे बासष्टमध्ये आम्हाला मुलगा झाला होता. तो सहा दिवस राहिला. पुढे मूल झालं नाही, आणि आम्ही दोघं त्याच्याबद्दल कधी बोललो नाही. मला वाटायचं ती विसरली.

"काय झालं वो?" हंसाबाईने विचारलं.

"काही नाही. हंसाबाई, कोरा कागद तुम्ही कुठून आणलात?"

"आपीसातनं मागितला अस्ता. जितेंद्र गेला होता कुलूप लावून."

"मग?"

तिचा हात सुपात थांबला.

"पॅडवरचा सगल्यात खालचा," ती शेवटी म्हणाली. "जुना झालेला, औषीद लिवून झालेलं. मागनं सगला कोरा होता. वाया जानारा कागद, मी बोलली, देवाच्या कामी लागंल." मग मान वर केली. "तोच काय?"

"तोच असावा."

"मी पोरीचं वाईट केलं का?"

"नाही," मी म्हणालो. "तो पॅडवर राहिला असता तर आज नसता. तुम्ही चोरला नाहीत, हंसाबाई. तुम्ही वाचवलात. फक्त धाकूबाईंनी तो ठेवलाय की नाही, तेवढं बघायचं."

५

मुर्ध्याला शिवदासचं घर खाडीच्या अंगाला. मागे पूर्वी मिठागर होतं, आता तिथे दोन इमारतींचे खांब वर आले होते. शैला मुलीला मांडीवर घेऊन भात भरवत होती. एका हाताने मान धरायची, दुसऱ्या हाताने घास. कृतिका माझ्याकडे बघून हसली. हसायला येत होतं तिला.

धाकूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "कागद हाय. पन देनार न्हाय."

"आय, काय बोलतेस तू?" शिवदास म्हणाला.

"सटवीनं लिवलेलं उघडत न्हाईत. उघडलं की पुसलं जातं. तुझ्या बापाचा कागद मी उघडला न्हाय, तुझा उघडला न्हाय. हिचा उघडू? आधीच हिच्या नशिबात येवढं हाय."

"दहा दिवस राहिलेत, आय. दहा. मग कोर्टबी न्हाय, काय न्हाय."

"मला आकडे सांगू नको."

शैला इतका वेळ बोलली नव्हती. घास भरवता भरवता म्हणाली, "आत्या, मी दुपारी दोनला गेलेली. सात तास मी तिथं पडलेली. सगले बोलतात तुमी उशिरा आनली. ते मला माझ्या हयातीत पुसायचंय." आवाज चढवला नाही तिने.

धाकूबाई भिंतीला टेकून बसल्या. मी बायकोचं कधी कोणाला सांगत नाही, पण तेव्हा सांगितलं. की माझ्याकडेही असा एक कागद आहे, आणि तो काय आहे हे माहीत नसल्यामुळे मी तो उघडून बसलो.

"किती दिसांचा होता?" त्यांनी विचारलं.

"सहा."

"तुमच्या मालकिनीनं ठेवला तो?"

"तेहेतीस वर्षं."

त्या उठल्या. आतून एक बिस्किटांचा डबा आणला. त्यात सुपारी, एक चांदीचा वाळा, आणि चार घड्यांचा कागद. कागदाच्या बाहेरच्या कडेला तांबूस डाग होता.

"हे कुंकू," धाकूबाई म्हणाल्या.

मी चष्मा लावून पाहिलं. कुंकू बोटाने लावतात, ते गोल पसरतं. हा डाग सरळ रेषेत होता. पत्र्याचा गंज. कागद उघडायच्या आधीच मला कळलं की शोध संपला.

"धाकूबाई," मी म्हणालो, "सटवाईने लिहिलं असेल ते कोऱ्या बाजूवर. ती बाजू आपण बघायची नाही. ती खाली, पाटाकडे ठेवायची. मागची बाजू माणसाने लिहिली आहे, सिस्टर रसिकाने, आणि तीही देवीच्या आधी चार दिवस. माणसाचं लिहिलेलं वाचायला हरकत नसावी."

त्यांनी खूप विचार केला. मग पाट मांडला, पदर डोक्यावरून घेतला आणि डोळे मिटून स्वतःच्या हाताने घडी उलगडली. कोरी बाजू खाली गेल्याची चाचपून खात्री केली. मग म्हणाल्या, "वाचा."

वर मधोमध चिमट्याचा पट्टा होता. मी मोठ्याने वाचलं. दुपारी २.१० दाखल. ठोके एकशे चाळीस. साडेचार, ठोके एकशे दहा, डॉक्टरांना फोन, वसईला आहेत, निघतो म्हणाले. ५.४५ पुन्हा फोन. ६.३० ठोके नव्वदच्या आसपास. ७.१० फोन, दुसरीकडे पाठवू का विचारले, 'कुठे पाठवू नकोस, मी येतोच आहे'. ८.५० डॉक्टर आले.

शिवदास भिंतीकडे तोंड करून उभा होता. शैलाने शेवटचा घास भरवला आणि मुलीचं तोंड पुसलं.

"दोन धा," ती म्हणाली. "मी दोनच बोलत होती. धा मिंट सिस्टरनं जास्त लिवली."

६

तक्रार मी लिहिली. दुसरा कागद सिस्टर रसिकाचं प्रतिज्ञापत्र, तिसरा हंसाबाईचं. तिने अंगठा लावला आणि शाई पुसायच्या आधी तीनदा विचारलं की यात चोरीचं काही लिहिलेलं नाही ना. एकतीस जानेवारीला आम्ही ठाण्याला गेलो. धाकूबाई हट्टाने आल्या. डबा त्यांच्या मांडीवर.

मंचाच्या कारकुनाने मूळ पान घेतलं आणि निशाणीचा शिक्का मारायला ते उलटं केलं. कोऱ्या बाजूला जागा जास्त होती. मीही तेच केलं असतं, एकतीस वर्षं तेच केलं होतं.

"साहेब," मी म्हणालो, "शिक्का लिहिलेल्या बाजूला मारा."

"तिकडे जागा कुठाय?"

"खाली कोपऱ्यात होईल. ह्या बाजूला काही नको."

त्याने माझ्याकडे पाहिलं, डबा घेऊन बसलेल्या धाकूबाईंकडे पाहिलं, आणि कोपऱ्यात शिक्का मारला.

डॉक्टरांच्या वकिलाने आधी म्हटलं, हे पान बनावट आहे. मी मंचाला दोन पानं एकावर एक धरून, पाठीची फक्त कड उघडी ठेवून दाखवली. गंजाची रेघ दोन्ही पाठींवर एकाच जागी होती, पहिल्यावर गडद, दुसऱ्यावर फिकी. मग सोनोग्राफीच्या ओळीचा प्रश्न आला. जितेंद्रला बोलावलं, त्याने अक्षर आपलं असल्याचं कबूल केलं. डॉ. सबनीस त्यानंतरच्या तारखेला स्वतः उभे राहिले आणि म्हणाले की लग्नातून निघायला त्यांना उशीर झाला, पान त्यांनी नंतर लिहवून घेतलं. कोणी विचारलं नव्हतं. वकील त्यांचा कोट ओढत होता.

निकाल १९९८च्या ऑगस्टमध्ये लागला. शिवदासच्या बाजूने. रक्कम कृतिकाच्या नावावर, तिच्या उपचारांसाठी. ती तोपर्यंत साडेचार वर्षांची झाली होती. सुताराने करून दिलेल्या पट्ट्याच्या खुर्चीत बसायला लागली होती. उभी राहील की नाही, हे डॉक्टर सांगत नाहीत.

अपिलाची मुदत संपल्यावर मूळ कागद परत मागता येतात, त्याचा अर्ज मीच केला. पान घेऊन मुर्ध्याला गेलो. धाकूबाईंना आता कमी दिसत होतं. त्यांनी ते हातात घेऊन कोरी बाजू तळव्याने चाचपली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.

"हिकडं कोनी काय लिवलं न्हाय ना?"

"नाही. शिक्कासुद्धा नाही."

त्यांनी जुन्याच घड्यांवर कागद दुमडला आणि डब्यात ठेवला.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "अजून जागा हाय."